जुन्या रेडिओतली घूंघूं : दोष शोधायचा कसा?

अनेक घरांत माळ्यावर किंवा कपाटामागे व्हॉल्व्हचा एखादा जुना रेडिओ अजून पडून असतो. लाकडी पेटी, पुढे सोनेरी कापड, काचेच्या पट्टीवर दिल्ली, कोलंबो, लंडन अशी शहरांची नावे. तो घरात आला त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागे. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको ही नावे नातेवाइकांच्या नावांइतकी ओळखीची होती. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री ‘बिनाका गीतमाला’ लागे आणि अमीन सायानी यांचा आवाज ऐकायला शेजारीपाजारी जमत. हेच अमीन सायानी लहान वयात आपली आई कुलसुम सायानी यांना ‘रहबर’ या पाक्षिकाच्या कामात मदत करत. नवसाक्षरांसाठी निघणारे हे पत्र उर्दू, देवनागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई. सोप्या हिंदुस्तानीचे वळण त्यांच्या जिभेला तिथेच लागले. आपल्या घरांतल्या दोन पिढ्यांची भाषा घडवण्यात रेडिओचा वाटा असा मोठा आहे.

आता असा रेडिओ कुणीतरी हौसेने खाली काढतो. पेटीला पॉलिश होते, नवे कापड लागते, आतले खराब भाग बदलतात आणि रेडिओ पुन्हा बोलू लागतो. पण निवेदकाच्या आवाजाखाली एक सततची घूंघूं असते. रेडिओवाले तिला ‘हम’ म्हणतात. तक्रार केली की बहुतेक वेळा उत्तर येते, “जुना रेडिओ आहे, एवढा हम असणारच.”

हे उत्तर खरे नाही. हा रेडिओ कारखान्यातून आला तेव्हा बैठकीत शांतता असतानाही घूं ऐकू येत नव्हती. ती आज येत असेल तर तिला कारण आहे आणि ते कारण क्रमाने शोधता येते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विजेचे शास्त्र हा माझा विषय नाही. तरीही गेल्या वर्षी आमच्या घरी हा शोध शेवटापर्यंत गेला. ज्यांच्या घरी असा रेडिओ आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तो इथे सांगते.

घूं येते कुठून?

आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची असते. म्हणजे तिची दिशा सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा घेते. रेडिओतल्या व्हॉल्व्हना मात्र एका दिशेने वाहणारी, न डगमगणारी वीज लागते. हा बदल रेक्टिफायर करतो. बहुतेक चांगल्या रेडिओंत फेऱ्याचे दोन्ही अर्धे भाग वापरले जातात, म्हणून रेक्टिफायरमधून वीज सेकंदाला १०० हिसक्यांनी बाहेर पडते. काही साध्या रेडिओंत एकच अर्धा भाग वापरला जातो, तिथे हिसके ५० असतात.

हे हिसके सपाट करायचे काम फिल्टर कंडेन्सर करतात. आपल्याकडे नगरपालिकेचे पाणी ठरलेल्या वेळीच येते, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला दिवसभर सारखी धार असते. कंडेन्सर म्हणजे ती टाकी. टाकी फुटकी असेल तर धार पाण्याच्या वेळेप्रमाणे कमीजास्त होईल. तसा कंडेन्सर सुकला की विजेतला चढउतार स्पीकरपर्यंत पोहोचतो आणि तो आपल्याला घूं म्हणून ऐकू येतो.

या कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमची पातळ पाने आणि ओलसर रसायन असते. पन्नास-साठ वर्षांत ओल उडून जाते. म्हणून हम आला की पहिला संशय फिल्टर कंडेन्सरवर घेतात आणि बरेचदा तो खराही निघतो. प्रश्न येतो तो कंडेन्सर बदलल्यानंतरही घूं राहिली तर. आमच्याकडे तेच झाले होते.

आमच्या घरचा रेडिओ

हा रेडिओ माझ्या नानांचा. पाच व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मरवर चालणारा. नानांनंतर तो अम्मीकडे आला आणि वीसेक वर्षे बंद होता. दोन वर्षांपूर्वी भावाने तो शहरातल्या एका दुकानातून पूर्ण नवा करून आणला. पेटी आरशासारखी चमकत होती. आत सगळे कंडेन्सर नवे होते. पण लावला की घूं.

अम्मींचे वय आता ऐंशीच्या घरात आहे आणि कान मंद झाले आहेत. जाड आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो. तरुण कानाला घूंखालून शब्द उचलता येतात, म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही. अम्मी म्हणायच्या, “बातम्या देणारा विहिरीत बसून बोलतोय.” दुकानदाराने तेच उत्तर दिले, जुन्यात असतेच. शेवटी भाईजानने जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याशी बोलणे केले. महिनाअखेरीस तो येऊन रेडिओ घेऊन जाणार होता. अम्मींनी हरकत घेतली नाही. “ऐकायलाच येत नाही तर ठेवून काय करू?” एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्या मोहल्ल्यात एक वयस्क रेडिओ मेकॅनिक आहेत. त्यांना सगळे चाचाच म्हणतात. दुकान बंद करून त्यांना बरीच वर्षे झाली. डोळ्यांत मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, उजवा हात थरथरतो, त्यामुळे ते आता हत्यार धरत नाहीत. मी त्यांना दुकानदाराचे म्हणणे सांगितले. ते म्हणाले, “हम रैताच बोलते सो लोगाँ की बात मत सुन, बेटी. कब आता, कैसा आता, कहाँ से आता, पैले ये तीन बाताँ बता.” मग ठरले की चाचा खुर्चीत बसून ऐकतील आणि सांगतील, हात माझे चालतील आणि माझी दहावीतली मुलगी प्रत्येक पायरी वहीत लिहील.

आमच्या भागात कानाने काम करणाऱ्यांची वाण नाही. मिरजेत सतार आणि तानपुरे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या जवारी कानानेच लावत आली आहेत. घोडीचा पृष्ठभाग थोडा घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले, त्या गावात कानावर भरवसा ठेवणे नवीन नाही. चाचांचा कान त्याच जातीचा. तानपुऱ्याचा घुमारा हवासा असतो आणि रेडिओची घूं नकोशी, एवढाच काय तो फरक.

आधी जीव, मग रेडिओ

पेटीचा मागचा पुठ्ठा काढण्यापूर्वी चाचांनी सगळ्यांना बसवून काही गोष्टी सांगितल्या. त्या इथे तशाच देते, कारण त्या पाळल्या नाहीत तर पुढचे काही वाचून उपयोग नाही.

व्हॉल्व्हच्या रेडिओत साधारण २५० ते ३०० व्होल्ट एकदिश वीज असते. ती प्राणघातक आहे. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये ती काही काळ साठून राहते. त्यामुळे प्लग काढल्यावर दहा हजार ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांनी कंडेन्सरच्या दोन टोकांना काही सेकंद लावून वीज उतरवायची आणि मग मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. काही रेडिओंत ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांना एसी-डीसी सेट म्हणतात. त्या काळी काही शहरांत एकदिश वीजपुरवठा होता, म्हणून असे सेट निघाले. त्यांत सगळ्या व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारा एकामागे एक जोडलेल्या असतात आणि लोखंडी सांगाडा, म्हणजे चॅसी, थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की चॅसीवर २३० व्होल्ट. बटण निघालेले असेल तर दांडीला हात लागूनही झटका बसतो. अशा सेटमधल्या युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हचे क्रमांक बहुधा ‘यू’ अक्षराने सुरू होतात: यूसीएच, यूबीसी, यूएल, यूवाय. ‘ई’ने सुरू होणारे, म्हणजे ईसीएच, ईबीसी, ईएल हे बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये असतात. आपला रेडिओ ‘यू’ जातीचा असेल किंवा आत ट्रान्सफॉर्मर दिसत नसेल तर घरी उघडू नका. तो जाणत्याकडेच द्यावा. त्याला तारेने मोबाईल जोडायचा तर विचारही करू नये.

तिसरी गोष्ट, वर्षानुवर्षे बंद असलेला रेडिओ थेट प्लगला लावायचा नाही. वायरमनकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्यायचा आणि त्यात १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावायचा. एलईडी चालत नाही. रेडिओ लावल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तो लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करावे.

चालू रेडिओत हात घालायचा नाही. जे जोडायचे किंवा काढायचे ते प्लग काढून, वीज उतरवून. मुले जवळ असतील तर ती फक्त पाहतील. माझ्या मुलीला चाचांनी दोन हात लांब बसवले होते.

कानाने विचारायचे चार प्रश्न

पेटी उघडण्याच्या आधीच निम्मे काम कानाने होते. त्यासाठी चार प्रश्न आहेत.

पहिला, घूं केव्हा सुरू होते? व्हॉल्व्ह तापायला पंधरा-वीस सेकंद तरी लागतात. बटण दाबताक्षणी घूं आली तर ती स्पीकरमधून येत नसून ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांची थरथर आहे. पेटीला कान लावला की कुठल्या बाजूने येते ते कळते. तेव्हा ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू आवळायचे आणि खाली रबराचे वॉशर द्यायचे. काही मिनिटांनी हळूहळू वाढत जाणारी घूं असेल तर संशय एखाद्या व्हॉल्व्हवर जातो. तापलेल्या तारेतून त्याच्या कॅथोडकडे वीज झिरपू लागलेली असते.

दुसरा, व्हॉल्यूम पूर्ण कमी केल्यावर घूं जाते का? गेली तर दोष व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधीच्या भागात आहे. राहिली तर तो बटणानंतरच्या भागात किंवा वीजपुरवठ्यात आहे. या एका प्रश्नाने अर्धा रेडिओ संशयातून मोकळा होतो.

तिसरा, घूं फक्त स्टेशन लागल्यावर येते का? दोन स्टेशनांच्या मधल्या जागेत शांतता आणि काटा स्टेशनवर आला की घूं, असे असेल तर तो वेगळाच प्रकार. रेडिओलहरी घरातल्या विजेच्या तारांवाटेही सेटमध्ये शिरतात आणि रेक्टिफायरपाशी त्यांच्यावर विजेची घूं चढते. यासाठी कारखान्यातच विजेच्या तारेपासून चॅसीकडे किंवा रेक्टिफायरच्या टोकांवर एक छोटा कंडेन्सर बसवलेला असतो, साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा. तो जुना झाला की कुणीतरी कापून टाकतो आणि परत बसवत नाही. बसवताना तो सुरक्षा-दर्जाचाच घ्यावा: विजेच्या तारेपासून चॅसीकडे जाणारा वाय-दर्जाचा आणि विजेच्या दोन तारांमधला एक्स-दर्जाचा. साधा कंडेन्सर तिथे शॉर्ट झाला तर चॅसीवर वीज येते.

चौथा, घूं जाड आहे की करकरीत? रस्त्यावरच्या डीपीचा किंवा जुन्या ट्यूबलाइटच्या चोकचा आवाज आठवा. तो १०० हर्ट्झचा असतो. ५० हर्ट्झचा त्याहून एक सप्तक खाली, इतका खोल की लहान स्पीकरमधून तो ऐकू येण्यापेक्षा कापडावर हात ठेवला की जास्त जाणवतो. पूर्ण रेक्टिफायरच्या सेटमध्ये १०० हर्ट्झची घूं असेल तर दोष एकदिश विजेच्या बाजूला शोधायचा. ५० ची असेल तर तापणाऱ्या तारांच्या बाजूला, किंवा जवळून जाणाऱ्या विजेच्या वायरच्या बाजूला.

आमच्या रेडिओची उत्तरे मुलीने लिहून घेतली. घूं पंचवीस सेकंदांनी सुरू होते. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच राहते. स्टेशनशी संबंध नाही. आवाज डीपीसारखा, पण थोडा करकरीत. शेवटच्या शब्दावर चाचा थांबले. त्यांनी तो पुन्हा ऐकला. सुकलेल्या कंडेन्सरची घूं गुळगुळीत असते, असे त्यांचे म्हणणे. हिला कडा आहेत.

उघडून केलेल्या तपासण्या

तरी फिल्टर कंडेन्सरची खात्री करणे भाग होते. रेक्टिफायरनंतर पहिला कंडेन्सर असतो, मग एक रेझिस्टर आणि मग दुसरा कंडेन्सर. दुसऱ्याला समांतर ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा नवा कंडेन्सर तपासणीपुरता जोडला. अधिक-उणे बाजू दोनदा पाहून घेतल्या, कारण उलटा जोडलेला कंडेन्सर फुटतो. काही फरक नाही. पहिल्याला असा समांतर जोडायचा नाही. आमच्या सेटमधला रेक्टिफायर ईझेड ८०, त्याला साधारण ५० मायक्रोफॅरडपर्यंतच पहिला कंडेन्सर चालतो. त्याहून मोठा दिला की दर हिसक्याला रेक्टिफायरवर भार पडतो आणि तो लवकर मरतो. म्हणून पहिला काढून त्याच्या जागी तेवढाच दुसरा लावून पाहिला. तरीही फरक नाही. म्हणजे टाकी फुटकी नव्हती.

मग व्हॉल्व्ह काढून पाहण्याची पाळी आली. ही पद्धत फक्त ट्रान्सफॉर्मरच्या सेटसाठी. एसी-डीसी सेटमध्ये एक व्हॉल्व्ह काढला की जुन्या दिव्यांच्या माळेसारखे सगळेच विझतात. आमच्या सेटमध्ये क्रम असा: ईसीएच ८१ स्टेशन पकडतो, ईबीएफ ८९ ते पुढे वाढवून त्यातून आवाज वेगळा करतो, ईबीसी ८१ तो आवाज वाढवतो आणि ईएल ८४ स्पीकरला ताकद देतो. रेडिओ बंद करून ईसीएच ८१ काढला, पुन्हा लावला. घूं तशीच. ईबीएफ ८९ काढला. तशीच. ईबीसी ८१ काढला आणि घूं जवळजवळ बंद झाली. शेवटचा व्हॉल्व्ह आणि रेक्टिफायर या तपासणीत काढायचे नाहीत.

इथे माझ्या मुलीने विचारले, “मग ईबीसी ८१ च खराब?” चाचांनी त्यांच्या डब्यातला दुसरा ईबीसी ८१ दिला. तो लावला तर घूं परत. व्हॉल्व्ह चांगला होता. आता चाचांनी जे सांगितले ते मी तीनदा समजून घेतले, तेव्हा कळले.

विजेच्या पुरवठ्यातच चढउतार असता तर ईबीसी ८१ काढल्यावरही तो पुढच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचला असता, कारण ती वाट रेझिस्टरमधून जाते, व्हॉल्व्हमधून नाही. घूं थांबली, याचा अर्थ ती ईबीसी ८१ मधून वाढून पुढे जात होती. म्हणजे ती त्याच्या आत जाण्याच्या टोकापाशी, ग्रिडपाशी, शिरत होती. आता हे टोक व्हॉल्यूमच्या बटणाला जोडलेले. व्हॉल्यूम शून्यावर म्हणजे ते बटणाच्या खालच्या टोकाशी, अर्थात चॅसीशी जोडलेले. चॅसीशी जोडलेल्या टोकावर घूं यायची कशी? एकाच रीतीने. बटणाची चॅसी आणि व्हॉल्व्हची चॅसी या दोन जागा एकाच पातळीवर नसतील तर.

दोष सापडला तो असा

आपण चॅसीला शून्य मानतो. पण ती पत्र्याची असते, तिच्यात रिव्हेट असतात, गंज असतो आणि प्रत्येक इंच पत्र्याला थोडा तरी रोध असतो. तेवढ्यातून मोठी वीज गेली तर दोन ठिकाणांत फरक पडतोच. पहिला फिल्टर कंडेन्सर भरतो तो सावकाश भरत नाही. सेकंदाला १०० वेळा तो झटक्यात वीज ओढतो आणि त्या क्षणी ती सरासरीच्या कितीतरी पट असते. उदाहरणार्थ, ०.३ अँपिअरचा झटका आणि वाटेत ०.०५ ओहमचा रोध धरला तर फरक पडेल १५ मिलिव्होल्टचा. दिसायला नगण्य. पण ईबीसी ८१ त्याला चाळीस-पन्नास पटींनी वाढवतो आणि ईएल ८४ पुढे स्पीकरला देतो. त्या झटक्यांना कडा असतात, म्हणून घूंही करकरीत.

रेडिओ उलटा करून तारा पाहिल्या. मूळ कंडेन्सर चॅसीच्या वर उभ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात होता. दुकानात तो डबा शोभेसाठी तसाच ठेवून नवे कंडेन्सर खाली मोकळ्या जागेत बसवले होते. मोकळी जागा होती ती व्हॉल्यूमच्या बटणाजवळ. तिथल्या एका गंजलेल्या रिव्हेटच्या कडीला पहिल्या कंडेन्सरची ऋण तार जोडली होती आणि त्याच कडीला बटणाचे खालचे टोक आणि बटणाकडून येणाऱ्या जाळीच्या वायरची जाळी. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकाची तार मात्र चॅसीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. म्हणजे दर हिसक्याला वीज त्या रिव्हेटमधून सगळी चॅसी ओलांडून जात होती आणि जाताना व्हॉल्यूमच्या बटणालाही हलवत होती. काम करणाऱ्याने नवे सामान चांगले वापरले होते. फक्त तार कुठे जोडली याला काही महत्त्व असते, हे पाहिले नव्हते.

चाचांनी तिथेच सोल्डर करू दिले नाही. आधी खात्री करायची. रेडिओ बंद करून, वीज उतरवून, पहिल्या कंडेन्सरच्या ऋण टोकापासून ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापर्यंत एक जाड तार क्लिपांनी तात्पुरती जोडली. रेडिओ लावला. पंचवीस सेकंद झाली. घूं निम्म्याहून कमी. म्हणजे निदान बरोबर.

मग पक्के काम केले. पहिल्या कंडेन्सरची ऋण तार त्या कडीवरून काढून थेट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकाला दिली. त्या जोडणीपासून एकच तार चॅसीला. बटणाचे खालचे टोक आणि ईबीसी ८१ चा कॅथोड एकाच स्वच्छ घासलेल्या जागी चॅसीला जोडले. जाळीच्या वायरची जाळी दोन्ही टोकांना चॅसीला लागली होती, ती एकाच टोकाला ठेवली. एवढ्याला दीड तास लागला. नवा भाग एकही लागला नाही.

रेडिओ लावल्यावर आम्हाला वाटले तो सुरूच झाला नाही. काट्यामागचा दिवा पेटला होता आणि आवाज काही नाही. कापडाला कान लावला तेव्हा अगदी बारीक घूं ऐकू आली. मग व्हॉल्यूम वाढवला, काटा फिरवला. संध्याकाळी अम्मींनी बातम्या ऐकल्या. बातम्या संपल्यावर त्यांनी त्यातल्या दोन बातम्या आम्हाला सांगितल्या, आणि नंतर भाईजानला फोन करून व्यापाऱ्याला येऊ नको म्हणायला सांगितले.

आणखी काही कारणे

सगळ्या रेडिओंत हाच दोष असेल असे नाही. नेहमी आढळणारी आणखी काही कारणे थोडक्यात देते.

ग्रामोफोनचे बटण: जुन्या सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोके असतात आणि पुढे त्याचे बटण असते. काही न जोडता ते बटण ग्रामोफोनवर राहिले तर मोठी घूं येते. आधी हे पाहावे.

जाळीच्या वायरची तुटलेली जाळी: व्हॉल्यूमच्या बटणाजवळची वायर जाळीची असते. जाळीचा सांधा सुटला की ती एरियलसारखी घूं पकडते. बटणाच्या दांडीजवळ हात नेला की घूं वाढते, ही तिची खूण. हे फक्त ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये, पेटी बंद असताना पाहावे.

गळका कपलिंग कंडेन्सर: ईबीसी ८१ कडून ईएल ८४ कडे आवाज नेणारा जुना कागदी कंडेन्सर गळू लागला की ईएल ८४ जास्त वीज ओढतो, भाजून निघतो, आवाज फाटतो आणि वाढलेल्या भाराने घूंही वाढते. हा कंडेन्सर जुना असेल तर घूं असो वा नसो, बदलावाच.

घरातलेच उपद्रव: एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर यांनी मध्यम लहरींवर चरचर येते. बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर त्याच जागी, त्याच लहरीवर लावून पाहा. त्यातही चरचर असेल तर जुन्या रेडिओचा दोष नाही. एकेक दिवा, एकेक चार्जर बंद करत गेले की अपराधी सापडतो.

दुरुस्तीला देताना

रेडिओ दुरुस्तीला देणार असाल तर आधी घरीच चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा आणि तो कागद सोबत द्या. “घूं येते” एवढे सांगण्यापेक्षा “व्हॉल्यूम शून्यावरही येते, स्टेशनशी संबंध नाही” असे सांगितले तर कारागिराचा वेळ वाचतो आणि त्याला टाळाटाळही करता येत नाही. उघडण्यापूर्वी मोबाईलने आतल्या तारांचे फोटो काढून ठेवायला सांगा. कोणती तार मुळात कुठे होती हे नंतर कुणालाच आठवत नाही. जुना भाग काढला तर तो परत मागून घ्या. आणि घरी आणण्यापूर्वी दुकानातच व्हॉल्यूम शून्यावर नेऊन ऐका. गाणे मोठ्याने लावून दाखवले की घूं झाकली जाते.

आपल्या गावांत चाचांच्या वयाचे रेडिओ मेकॅनिक आता फार थोडे उरले आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांनी हे शिक्षण शाळेत घेतलेले नाही. ते उस्तादाच्या शेजारी बसून शिकले आणि त्यांच्या शेजारी बसायला नंतर कुणी आले नाही. माझी मुलगी आता रविवारी दुपारी चाचांकडे जाते. दहावीच्या पुस्तकात ५० हर्ट्झ असे जे छापलेले आहे ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहे. तिच्या वहीची चाळीस पाने भरली आहेत, त्यांतले काही चाचांच्या दखनीत, काही मराठीत. तुमच्या मोहल्ल्यातही असे कुणी असेल. बंद पडलेला रेडिओ नसला तरी मुलांना घेऊन एकदा त्यांच्याकडे जा, आणि सोबत वही न्या.